कार्बन फायबरचे डॅशबोर्ड पॅनेल दर उन्हाळ्यात उचलले जाते : कारण ओळखण्याची आणि दुरुस्तीची पद्धत

डॅशबोर्डवरील किंवा मधल्या कन्सोलवरील प्लॅस्टिकचे मूळ भाग काढून त्यांच्या जागी खास बनवून घेतलेले कार्बन फायबरचे भाग बसवणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. हिवाळ्यात पॅनेल बसवले तेव्हा कडा चपखल जुळल्या होत्या. मार्च-एप्रिलमध्ये एखादे टोक दोन-तीन मिलिमीटर वर आले, ते गोंद लावून दाबून बसवले आणि काही दिवसांतच पुन्हा उचलले गेले. मग अधिक जालीम गोंद आणला जातो, त्यानंतर एखादा स्क्रू मारला जातो, शेवटी कंटाळून नवे पॅनेल बनवून घेतले जाते, आणि पुढच्या उन्हाळ्यात तेही त्याच जागी उचलले जाते.

संशय गोंदावर जातो, कारण सुटलेली जागा तीच दिसते. परंतु गोंद सुटणे हा बहुतेक वेळा परिणाम असतो आणि त्यामागे तीन कारणे संभवतात. पॅनेलमधील रेझिन, म्हणजे कापडाचे तंतू एकत्र बांधून कडक होणारा द्रव, उष्णतेने मऊ पडलेले असते, किंवा पॅनेलचे पुढचे आणि मागचे थर वेगवेगळ्या जातीचे असल्यामुळे ते तापल्यावर आपोआप वाकते, किंवा पॅनेल निर्दोष असूनही त्याच्या मागचे प्लॅस्टिक उष्णतेने वाढते आणि त्या वाढीला जागाच ठेवलेली नसते. तिन्हींवरील उपाय निराळे आहेत. रेझिन मऊ पडत असेल तर जगातला कोणताही गोंद ते पॅनेल सरळ ठेवू शकणार नाही, आणि बसवणी चुकली असेल तर नवे पॅनेल बनवून काहीच साधणार नाही. म्हणून आधी कारण निश्चित करावे आणि मगच पैसे खर्च करावेत.

उघडण्यापूर्वी एअरबॅगची मर्यादा

प्रवाशासमोरील एअरबॅगचे झाकण, स्टिअरिंगचा मधला भाग, काही गाड्यांत गुडघ्यांपाशी असलेला डॅशबोर्डचा खालचा भाग, आणि ज्यांच्या मागे कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) घडी करून ठेवलेली असते ती खांबांची आवरणे, हे भाग कार्बन फायबरने बदलू नयेत आणि त्यांच्यावर कार्बनचा थरही चढवू नये. हे भाग ठरलेल्या रेषेवर फाटावेत किंवा ठरलेल्या दिशेने उघडावेत अशा रीतीने बनवलेले असतात. त्यांच्यावर कापडाचा आणि रेझिनचा एक थर चढला तरी ती फाटण्याची रेषा बंद होते, आणि एअरबॅग सुटलीच तर कडक, धारदार तुकडे प्रवाशाच्या दिशेने उडण्याची शक्यता निर्माण होते. अशा भागाचे पॅनेल उचलले जात असेल, तर ते काढून मूळ भाग परत बसवणे हीच दुरुस्ती आहे.

इतर भाग काढतानाही बॅटरीची ऋण तार सोडवून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे आणि पिवळ्या रंगाच्या कनेक्टरना विनाकारण हात लावू नये. पिवळा कनेक्टर सुटलेला असताना इग्निशन चालू झाले, तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवण्यासाठी स्कॅनर जोडावा लागतो. आसन बदलल्यावर हा दिवा विझवण्यासाठी कनेक्टरमध्ये रेझिस्टर खोचून देणारे कारागीर भेटतात. त्या युक्तीने दिवा विझतो, पण आसनाच्या बाजूची एअरबॅग नाहीशी झालेलीच असते, आणि पुढे गाडी विकत घेणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

पॅनेल नेमके कशाचे आहे

कार्बनची नक्षी छापलेली फिल्म चिकटवलेले भाग या लेखाच्या कक्षेबाहेर आहेत. उरलेल्यांपैकी काही पॅनेल म्हणजे मूळ प्लॅस्टिकवरच कार्बन कापडाचा एक थर चढवून त्यावर रेझिन ओतलेले असते. काही पॅनेल साच्यातून स्वतंत्र काढलेले असतात आणि आरपार कार्बनचे असतात. आणि बरीच पॅनेल अशी असतात की दिसणाऱ्या बाजूला कार्बनचा एक थर आणि मागे काचतंतूंची चटई, ज्याला वर्कशॉपमध्ये सीएसएम मॅट म्हणतात, तिचे दोन-तीन थर दिलेले असतात. मागून काळा रंग फासलेला असल्यामुळे हे सहज कळत नाही. मागच्या बाजूला न दिसणाऱ्या जागी थोडे खरवडून पाहावे. उभ्या-आडव्या काळ्या धाग्यांची वीण दिसली तर ते कार्बन असते, आणि सगळ्या दिशांना विस्कटलेले पांढरट, पारदर्शक तंतू दिसले तर ती काचेची मॅट असते.

त्याच वेळी पॅनेल आणि मूळ भाग, दोन्हींचे वजन करून पाहावे. हलकेपणासाठी पॅनेल बदललेल्या अनेकांना या मोजणीने धक्का बसेल. कार्बन-इपॉक्सी लॅमिनेटची (इपॉक्सी या रेझिनमध्ये पक्क्या झालेल्या कार्बन कापडाच्या थरांची) घनता दर घन सेंटिमीटरला साधारण १.५ ते १.६ ग्रॅम असते, एबीएस प्लॅस्टिकची सुमारे १.०५ आणि पॉलीप्रॉपिलीनची सुमारे ०.९. म्हणजे तेवढ्याच जाडीचे कार्बनचे पॅनेल प्लॅस्टिकपेक्षा जड भरते. कार्बनचा फायदा एवढाच की तेवढ्याच ताठपणासाठी ते पातळ करता येते. एक दशांश चौरस मीटर क्षेत्राची, अडीच मिलिमीटर जाडीची एबीएसची पट्टी सुमारे २६० ग्रॅम भरते, तर १.२ मिलिमीटर जाडीची कार्बनची पट्टी सुमारे १८५ ग्रॅम भरते. वाचलेले ७५ ग्रॅम क्लिअर कोट (वरचा पारदर्शक लेप), मागे चिकटवलेले इन्सर्ट (स्क्रू धरणारे तुकडे) आणि ब्रॅकेट यांत जवळजवळ संपतात. मूळ प्लॅस्टिकवर थर चढवलेल्या पॅनेलात तर वजन वाढतेच, आणि मूळ क्लिपांवर त्या वाढीव वजनाचा ताण येतो. गाडी खरोखर हलकी करायची असेल तर आसनाकडे पाहावे, कारण मोटर असलेले पोलादी सांगाड्याचे आसन वीस किलोंच्या पुढे जाते आणि कार्बनच्या कवचाचे स्पर्धेचे आसन त्याच्या लहानशा हिश्श्यात भागते. डॅशबोर्डची पट्टी रूपासाठी बसवावी, हे माझे मत आहे, आणि तसे एकदा मान्य केले की ती अर्धा मिलिमीटर जाड करायला कोणाची हरकत राहत नाही. उचलल्या जाणाऱ्या पॅनेलांपैकी काहींचा प्रश्न तर तेवढ्यानेच हलका होतो.

कारण वेगळे करण्याची चाचणी

पॅनेल गाडीतून सोडवून सावलीत पूर्ण गार होऊ द्यावे आणि मग मूळ भागावर किंवा साच्यावर, कोणताही जोर न लावता, नुसते ठेवावे. गार असतानाच टोक वर राहत असेल, तर पॅनेलने आपला आकार कायमचा बदललेला आहे, आणि दोष रेझिनचा असण्याची शक्यता सर्वाधिक आहे.

गार असताना ते नीट बसत असेल, तर ते एकटे तापवावे. बंद गाडीत, उन्हात, सपाट पृष्ठभागावर दोन तास मोकळे ठेवले तरी पुरते. तापल्यावर ते एकटेच कमानीसारखे वाकले आणि गार झाल्यावर पुन्हा सरळ झाले, तर थर असमान आहेत. एकटे तापवल्यावर आकार जसाच्या तसा राहिला आणि गाडीत बसवल्यावरच टोक उचलले गेले, तर पॅनेल निर्दोष आहे आणि चूक बसवणीत आहे.

पृष्ठभागाचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजावे, मात्र चकचकीत क्लिअर कोटवरून हे उपकरण चुकीचा आकडा दाखवू शकते, म्हणून पॅनेलवर मास्किंग टेपचा लहान तुकडा चिकटवून त्या टेपचे तापमान घ्यावे. आकडा पाहिल्याशिवाय पुढचे काही पटत नाही. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कडक उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांच्या आतील हवा सरासरी सुमारे ४७ अंश सेल्सिअस झाली होती, पण डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांपर्यंत तापला होता. नागपूर, अकोला, चंद्रपूर येथे मे महिन्यात सावलीतील पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा काचेखालचे काळे पॅनेल याहून कमी तापेल असे मानण्याचे कारण नाही. दाराच्या पट्ट्या आणि कन्सोल तुलनेने गार राहतात, आणि म्हणूनच एकाच वर्कशॉपमधून आलेल्या संचात दाराचे भाग ठीक राहून फक्त डॅशबोर्डचा भाग वाकलेला आढळतो.

रेझिन मऊ पडणे

तिन्ही कारणांत हे सर्वांत अधिक आढळणारे आणि सर्वांत कमी समजून घेतलेले कारण आहे. इपॉक्सी एका विशिष्ट तापमानापलीकडे कडकपणा सोडून चामड्यासारखी नरम होऊ लागते. रेझिनच्या माहितीपत्रकात हे तापमान टीजी या नावाने दिलेले असते. ते रेझिनचा कायमचा गुणधर्म नसून, रेझिन किती तापमानाला पक्के झाले यावर ते अवलंबून असते. २५ ते ३० अंशांच्या खोलीत पक्क्या झालेल्या साध्या इपॉक्सीचा टीजी बहुधा ५० ते ६० अंशांच्या आसपास येऊन थांबतो, कारण रेझिन कडक होत गेले की त्यातील रेणूंना हालचाल करता येत नाही आणि उरलेली प्रक्रिया अर्ध्यावर गोठते. असे पॅनेल महिनाभर सावलीत ठेवल्यानेही फारसा फरक पडत नाही. प्रक्रिया पुढे न्यायची तर तापमानच वाढवावे लागते, आणि या तापवून पक्के करण्याला पोस्ट-क्युअर म्हणतात.

आता ५५ अंशांचा टीजी असलेले पॅनेल ६९ अंशांच्या डॅशबोर्डवर बसवले की काय घडते ते पाहावे. ते मऊ होते, क्लिप आणि स्क्रू ज्या बाजूला ओढतील त्या बाजूला हळूहळू झुकते, आणि त्याच उष्णतेने त्याची अर्धवट राहिलेली प्रक्रिया पुढे सरकते. म्हणजे ऊन त्याला पोस्ट-क्युअर करते, पण वाकलेल्या अवस्थेत. संध्याकाळी गार झाल्यावर ते आधीपेक्षा अधिक पक्के आणि कायमचे वाकडे झालेले असते. दुसऱ्या उन्हाळ्यात तेच पॅनेल फारसे आणखी वाकत नाही, आणि ते टाकून नवे बनवले की कच्च्या रेझिनपासून सगळे पुन्हा सुरू होते. तक्रार वर्षानुवर्षे परत का येते, याचे उत्तर बहुतेक गाड्यांत हेच असते.

यावरचा उपाय पॅनेल साच्यात असतानाच पोस्ट-क्युअर करणे हा आहे. नेमके वेळापत्रक रेझिनच्या माहितीपत्रकातून घ्यावे. सर्वसाधारणपणे तापमान दर तासाला दहा अंशांहून अधिक वेगाने वाढवू नये, ६० अंशांवर काही तास थांबावे, रेझिन चालत असेल तर पुढे ८० अंशांपर्यंत नेऊन सहा ते आठ तास ठेवावे, आणि भट्टी बंद केल्यावर पॅनेल चाळीस अंशांच्या खाली येईपर्यंत दार उघडू नये. भट्टी म्हणून प्लायवूडची पेटी, आतून रॉकवूल आणि फॉइल, थर्मोस्टॅट लावलेला हीटर आणि हवा फिरवणारा लहान पंखा एवढे पुरते. थर्मोकोलची पेटी करू नये, कारण या तापमानाला थर्मोकोल स्वतः बसू लागतो. तापमापकाची तार हवेत लोंबती न ठेवता पॅनेलला चिकटवावी. साचा पॉलिएस्टरचा किंवा एमडीएफचा असेल तर तो किती उष्णता सोसेल हे आधी तपासावे, नाहीतर पॅनेलबरोबर साचाही वाकतो.

या कामातील क्रम महत्त्वाचा आहे. पोस्ट-क्युअरमध्ये रेझिन किंचित आकसते आणि कापडाची वीण पृष्ठभागावर उमटते. म्हणून आधी पोस्ट-क्युअर, मग घासकाम आणि शेवटी क्लिअर कोट असा क्रम ठेवावा. उलट क्रमाने केलेले पॅनेल दुकानात आरशासारखे दिसते आणि पहिल्या उन्हातच त्याच्यावर वीण उठून दिसू लागते. ग्राहकाला ती क्लिअर कोटची खराबी वाटते आणि तो पुन्हा तेच वरवरचे काम करून घेतो.

आधीच वाकलेले पॅनेल वाचवता येते का, असा प्रश्न विचारला जातो. रेझिन अजून अर्धवट पक्के असेल तर येते. पॅनेल साच्यावर, साचा नसल्यास त्याचा उलटा छाप घेऊन त्यावर, अनेक ठिकाणी क्लॅम्पने हलक्या दाबाने आवळावे, वरीलप्रमाणे सावकाश तापवावे आणि क्लॅम्प न काढता गार करावे. एक-दोन उन्हाळे काढलेले पॅनेल मात्र पूर्ण सरळ होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

नवे पॅनेल बनवून घेताना कारागिराला विचारावे असे प्रश्न थोडे आहेत, पण त्यांची उत्तरे टाळली जात असतील तर काम दुसरीकडे द्यावे. रेझिन कोणते, त्याचा पोस्ट-क्युअर केल्यानंतरचा टीजी किती, आणि पोस्ट-क्युअर कोणत्या तापमानाला किती तास केला, एवढे कळले पाहिजे. डॅशबोर्डच्या वरच्या भागासाठी ९० अंशांच्या वरचा टीजी मागावा. १२० अंशांवर पक्के होणाऱ्या प्रीप्रेगचे, म्हणजे आधीच रेझिन भिनवलेल्या कापडाचे, पॅनेल महाग पडते, पण या विशिष्ट तक्रारीपुरते बोलायचे तर ते प्रश्न मुळातून मिटवते. शक्य असल्यास त्याच लॅमिनेटची, दोन सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर लांब अशी उरलेली पट्टी मागून घ्यावी. तिचे एक टोक पकडीत धरून दुसऱ्या टोकाला शंभर ग्रॅम वजन टांगावे आणि अन्न शिजवण्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या भट्टीत ८० अंशांवर तासभर ठेवावे. पट्टी झुकून तशीच राहिली, तर पॅनेलचे भविष्य कळले.

भट्टीनेही सुधारणार नाही असा एक दोष आहे, तो म्हणजे रेझिन आणि हार्डनर (रेझिन पक्के करणारा द्रव) यांचे चुकलेले प्रमाण. एफआरपीच्या, म्हणजे काचतंतू आणि रेझिनच्या, कामात हात बसलेले अनेक कारागीर पॉलिएस्टर रेझिनवर शिकलेले असतात. त्यात लवकर पक्के व्हावे म्हणून कॅटॅलिस्ट मर्यादेत थोडे वाढवता येते. इपॉक्सीत हार्डनर हा रेझिनशी जोडला जाणारा घटक असतो, आणि तो जास्त घातला की जास्तीचा भाग कशाशीच न जोडता रेझिनमध्ये मऊपणा ठेवून जातो. शिवाय माहितीपत्रकातील प्रमाण वजनाचे आहे की मापाचे, हे पाहिलेच पाहिजे, कारण दोन्ही द्रवांची घनता वेगळी असल्यामुळे वजनाचे प्रमाण कपाने मोजले की चूक ठरलेली असते. तपासणीसाठी मागच्या बाजूला ॲसिटोनमध्ये भिजवलेले फडके काही वेळ घासावे. चांगली पक्की इपॉक्सी चिकट होत नाही. बोट चिकटू लागले तर ते पॅनेल टाकून द्यावे.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात काम झालेल्या पॅनेलांत आणखी एक घोटाळा आढळतो. दमट हवेत काही हार्डनर हवेतील ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून पृष्ठभागावर मेणचट थर आणतात. त्यावरच क्लिअर कोट मारला किंवा इन्सर्ट चिकटवले, तर ते उन्हाळ्यात सुटतात. हा थर पाण्यात विरघळतो, म्हणून घासण्यापूर्वी कोमट पाण्याने आणि स्कॉच-ब्राइटने धुवावा. आधी सँडपेपर मारल्यास मेण घासले जाऊन आत पसरते.

असमान थर

पुढे कार्बन आणि मागे काचेची मॅट असलेले पॅनेल तापल्यावर वाकते, कारण विणलेल्या कार्बनचे लॅमिनेट उष्णतेने जवळजवळ वाढत नाही आणि मॅटचा थर त्याच्या कित्येक पट वाढतो. इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमधील दोन धातूंची पट्टी ज्या तत्त्वावर वाकते, त्याच तत्त्वावर हेही वाकते. हा दोष पोस्ट-क्युअरने जात नाही, गोंदाने तर नाहीच. मागच्या बाजूलाही कार्बनचा तेवढाच थर, त्याच दिशेने, चढवला तर पॅनेल समतोल होते, आणि काचेचा थर मध्ये राहिला तरी चालतो. मात्र मागच्या बाजूला क्लिपांचे खांब असतील तर हे काम नव्या पॅनेलच्या किमतीजवळ जाते.

बसवणीतील चूक

पॅनेल एकटे तापवल्यावर सरळ राहत असेल, तर मागच्या प्लॅस्टिकच्या वाढीचा हिशेब करावा. एबीएसचा एक मीटरचा तुकडा एका अंशाला साधारण ०.०८ मिलिमीटर वाढतो. ६० सेंटिमीटर लांबीची चौकट ३० अंशांवरून ७० अंशांवर गेली की ती जवळजवळ दोन मिलिमीटर लांब होते, आणि त्याच वेळी तिच्यावरचे कार्बनचे पॅनेल एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकेही वाढत नाही. दोन्ही टोके घट्ट आवळलेली असतील, तर हे दोन मिलिमीटर कुठेतरी बाहेर पडणारच, आणि ते सर्वांत दुर्बल टोकाशी पडतात. गार झाल्यावर सगळे जागेवर येते, म्हणून संध्याकाळी गाडी दाखवली तर कारागिराला दोष दिसत नाही.

पॅनेल मध्यभागी एका ठिकाणी पक्के धरावे आणि दोन्ही टोकांची भोके लांबट करावीत, म्हणजे वाढ दोन्हीकडे एकेक मिलिमीटर वाटली जाते. चार मिलिमीटरच्या स्क्रूसाठी साडेचार मिलिमीटर रुंद आणि सात-आठ मिलिमीटर लांब खाच पुरेशी असते. स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर द्यावा आणि तो वॉशर सरकू शकेल इतपतच आवळावे. चिकटवायचेच असेल तर पॉलीयुरेथेन किंवा एमएस पॉलिमरचा लवचिक गोंद दोन-तीन मिलिमीटर जाडीने द्यावा, आणि ती जाडी टिकावी म्हणून मध्ये तेवढ्याच जाडीचे रबराचे ठोकळे ठेवावेत. ॲक्रिलिक फोमची दुहेरी चिकट टेपही थोडी हालचाल सोसते. इन्स्टंट ग्लू ठिसूळ असतो आणि काळ्या चकचकीत कडेवर पांढरी वाफ सोडून जातो. हॉट ग्लूच्या कांड्या तर डॅशबोर्डच्या तापमानालाच मऊ होतात, त्यामुळे या कामात त्यांचे स्थान फक्त वायरी जागेवर धरण्यापुरते आहे.

मूळ चौकटीच्या मागे प्लॅस्टिकचा प्रकार उठावाने छापलेला असतो, तो वाचावा. एबीएस किंवा पीसी-एबीएस असेल तर घासून आणि पुसून गोंद धरतो. पीपी (पॉलीप्रॉपिलीन) असेल तर खास प्रायमर लावल्याशिवाय त्यावर कोणताच गोंद नीट धरत नाही आणि सोललेल्या सालीसारखा निघून येतो. अशा चौकटीवर क्लिप आणि स्क्रूवरच भरवसा ठेवावा.

खडखड

पॅनेल उचलले जाणे थांबल्यानंतर खडखड ऐकू येऊ लागली, तर घाबरण्याचे कारण नाही. कार्बनचे पॅनेल हलके आणि ताठ असते, प्लॅस्टिकइतके कंपन शोषत नाही, आणि आधी मऊ प्लॅस्टिक ज्या ठिकाणी दबून गप्प राहत असे तेथे ते आपटते. जागा शोधण्यासाठी गाडी उभी करून मोबाइलवरून ४० ते २०० हर्ट्झचा चढता सूर गाडीच्या स्पीकरवर वाजवावा आणि आवाज येईल तेव्हा पॅनेलच्या कडा एकेक करून बोटाने दाबाव्यात. जेथे दाबल्यावर आवाज थांबतो, तेथे वायरिंगवर गुंडाळतात ती फेल्टची कापडी टेप लावावी. संपूर्ण मागची बाजू ब्युटाइलच्या डॅम्पिंग शीटने मढवण्याचा सल्ला हमखास मिळतो, परंतु त्या शीटचे वजन वाचवलेल्या वजनाच्या कितीतरी पट असते.

पिवळेपणा आणि फोड

समोरची काच दोन थरांची असते आणि मधली प्लॅस्टिकची पातळ फिल्म जवळजवळ सगळी अतिनील किरणे अडवते, तर दाराच्या साध्या टफन्ड काचेतून त्यांतील बरीच आत येतात. त्यामुळे दाराच्या पट्ट्या पिवळ्या पडल्या तर अतिनील रोधक असलेला टू-के (दोन घटक मिसळून मारायचा) पॉलीयुरेथेन क्लिअर कोट नव्याने मारावा. डॅशबोर्डचा मधला भाग पिवळा पडला असेल तर ते बहुधा उष्णतेमुळे झालेले असते, आणि त्यासाठी रेझिन बदलणे हाच मार्ग उरतो. बारीक फोड दिसत असतील तर लॅमिनेटमध्ये सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहिलेली असतात. त्यांतील हवा तापून क्लिअर कोट वर ढकलते. फोड घासून उघडावेत, छिद्रे रेझिनने भरावीत आणि मगच पुन्हा कोट द्यावा.

स्क्रूभोवतीची पांढरी भुकटी आणि बिघडलेली विजेची कामे

कार्बन वीज वाहून नेतो, हे इंटीरियरच्या कामात सहज विसरले जाते. ओलावा असेल तेथे कार्बनला टेकलेला ॲल्युमिनिअमचा रिव्हेट किंवा जस्ताचा मुलामा दिलेला स्क्रू झपाट्याने गंजतो. किनारपट्टीवरच्या गाड्यांत, मुंबईपासून गोव्यापर्यंत, हे लवकर दिसते. रिव्हेटभोवती पांढरी भुकटी जमली की तो काढून स्टेनलेस स्टीलचा स्क्रू वापरावा आणि कार्बन व धातू यांच्यामध्ये नायलॉनचे बूश घालावे.

वायरिंगवर घासणारी कड याच कारणाने फ्यूज उडवू शकते, म्हणून पॅनेलच्या मागे जेथून हार्नेस (वायरींचा जुडगा) जाते तेथे कडेला रबरी बीडिंग द्यावे. पॅनेलला भोके पाडणे आणि घासणे ही कामे गाडीच्या बाहेर, पाणी वापरून आणि चांगला मास्क लावून करावीत. ती काळी धूळ कनेक्टरमध्ये शिरली तर वीज नको तेथे जाऊ शकते, आणि त्वचेत शिरली तर दोन दिवस खाज सुटते.

कन्सोल बदलल्यानंतर बटणाने सुरू होणारी गाडी किल्ली ओळखेनाशी झाली, किंवा डॅशबोर्डचा वरचा भाग बदलल्यावर नकाशावरील गाडी भलत्याच रस्त्यावर दिसू लागली, तर अँटेना पॅनेलखाली झाकला गेला आहे असे समजावे. मूळ प्लॅस्टिकमधून लहरी आरपार जात, कार्बन त्यांना अडवतो. वायरलेस चार्जरच्या वर कार्बन आला तर चार्जिंग मंदावते आणि पॅनेलही तापते. अँटेनाच्या वरच्या भागात कार्बनऐवजी काचतंतूंचे कापड वापरून बाहेरून काळा रंग दिला तर दिसण्यात थोडा फरक पडतो, पण लहरी आत येतात. तेथेही थर दोन्ही बाजूंनी सारखे ठेवावेत, नाहीतर तेवढाच तुकडा उन्हात वर येईल. शेवटचे स्क्रू आवळण्यापूर्वी बॅटरी जोडून, सगळी दारे बंद करून, किल्ली खिशात, कपहोल्डरमध्ये आणि मागच्या आसनावर अशा तीन ठिकाणी ठेवून गाडी सुरू होते का ते पाहावे, कारण त्यानंतर पॅनेल पुन्हा काढायचे झाल्यास मूळ प्लॅस्टिकच्या क्लिपा फार वेळा उघडझाप सोसत नाहीत.